स्वच्छ ऊर्जेचे पहिले गिऱ्हाईक

आपल्या सभासदांपैकी ज्यांचा कारखाना आहे, मग तो सूत रंगविण्याचा असो, दुधाचा असो, डाळीचा असो की काजूचा, त्यांच्या कीर्दखतावणीत जळण या नावाचे एक खाते असतेच. कच्चा माल, मजुरी, व्याज आणि भाडे या रकमांवर आपली बारीक नजर असते. जळणखाते मात्र ‘लागते तेवढे लागते’ असे म्हणून आपण पुढचे पान उलटतो. मीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. बेळगावच्या शहापूर भागात आमचा सूत रंगविण्याचा लहानसा कारखाना आहे. वडिलांच्या काळी भट्टीत लाकूड जाई. हल्ली भुशाच्या ब्रिकेट जातात. जळण बदलले, खाते तेच राहिले.

काही वर्षांपूर्वी एक तरुण अभियंता आमच्या पेढीवर आला. उन्हावर पाणी तापवून ती उष्णता रात्रीपर्यंत साठवून ठेवणारे एक यंत्र त्याने व त्याच्या दोघा मित्रांनी तयार केले होते. ते एखाद्या चालत्या कारखान्यात लावून पाहावे अशी त्याची इच्छा होती. चहा घेत घेत त्याने कागद पसरले, आकडे सांगितले. मी सर्व ऐकून घेतले आणि कोणताही व्यापारी विचारील तोच प्रश्न विचारला, “तुझे हे यंत्र आधी कोणी घेतले आहे?”

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “अण्णा, कोणीच नाही. म्हणूनच तुमच्याकडे आलो.”

त्याला त्या दिवशी मी काहीच उत्तर दिले नाही. परंतु तो गेल्यानंतर माझ्याच प्रश्नाने माझा पिच्छा पुरविला. आधी कोणी घेतले आहे असे प्रत्येकाने विचारावयाचे ठरविले, तर पहिल्याने कोणी घ्यावयाचे? या निमित्ताने थोडे वाचन झाले, काही ठिकाणी जाणेयेणे झाले. त्यातून जे ध्यानात आले ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

आपल्या मुंबईपासूनच प्रारंभ करू. १८७० नंतरच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात विल्यम ॲडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ उपनिबंधक होते. कचेरीतील दप्तरे सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी सपाट आरशांची एक अर्धवर्तुळाकार रांग उभी केली, त्या सर्वांचे ऊन एका बॉयलरवर पाडले आणि निघालेल्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखविला. मधल्या कुलाब्यातील त्यांच्या आवारात हा प्रयोग लोकांनी पाहिला. १८७८ साली त्यांनी त्यावर पुस्तकही छापले. उष्ण देशांत जळणाच्या ऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, असा त्याचा विषय होता. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ऑग्युस्तां मूशो या फ्रेंच अध्यापकाने सूर्याच्या उष्णतेवर बर्फ तयार करून प्रेक्षकांना थक्क केले. पुढे फ्रान्समध्ये कोळसा स्वस्त झाला आणि सरकारने मूशोच्या कामातून हात काढून घेतला. ॲडम्ससाहेबांचे यंत्रही आवाराबाहेर पडून धंद्यात उतरले नाही. यंत्र चालत होते, लोक पाहत होते. फक्त घेणारे कोणी नव्हते.

यावर कोणी म्हणेल, हे दोघे कारकून आणि मास्तर, त्यांना व्यापार काय ठाऊक? म्हणून तिसरे उदाहरण एका पक्क्या व्यवहारी माणसाचे देतो. फिलाडेल्फियाच्या फ्रँक शूमन यांनी तारेची जाळी घातलेली काच काढून चांगला पैसा मिळविला होता. इंग्लंडमधील भागीदारांचे भांडवल घेऊन त्यांनी इजिप्तमध्ये कैरोजवळ मादी येथे पन्हळीच्या आकाराचे पाच प्रचंड आरसे उभे केले. एकेकाची लांबी सुमारे ६२ मीटर होती. पहिल्या खेपेला बॉयलरच्या नळ्या जस्ताच्या होत्या. त्या उन्हाच्या मात्रेने मऊ पडून लोंबू लागल्या. दुसऱ्या खेपेला बिडाच्या घातल्या. १९१३ च्या उन्हाळ्यात नाईल नदीचे पाणी त्या वाफेवर शेतात चढू लागले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. अभियंते आपापल्या देशी परतले, यंत्र मोडीत गेले, आणि १९१८ साली शूमनही वारले. नंतर पेट्रोलियमचा जमाना आला व या मादीच्या पन्हळी लोक विसरून गेले.

नळ्या लोंबण्याचा हा तपशील मी मुद्दाम सांगितला. शूमन यांना जस्त टिकणार नाही हे कागदावर कळले नाही. खरे ऊन, खरा दाब आणि खरे काम पडल्यावर कळले. कोणत्याही नव्या यंत्राचे असेच असते. त्याची पहिली पायरी कल्पनेची व लहान नमुन्याची. तिला पैसा थोडा लागतो, आणि तो विद्यापीठ, सरकार अथवा घरचे लोक देतात. अखेरची पायरी म्हणजे शंभर यंत्रे विकल्यानंतरची. तेथे बँक स्वतः होऊन दारी येते. या दोहोंच्या मधली पायरी, म्हणजे पहिले पूर्ण आकाराचे यंत्र एखाद्या चालत्या कारखान्यात दोन-तीन वर्षे राबविणे, ही सर्वांत खर्चाची व सर्वांत निराधार. संशोधनाचे अनुदान संपलेले असते आणि कर्जाला पुरावा नसतो. बँक म्हणते, आधी चालवून दाखवा. चालविण्यासाठी पैसा बँकेकडेच मागावयाचा असतो. पाश्चात्त्य अर्थशास्त्री या मधल्या जागेला ‘मृत्यूची दरी’ म्हणतात. नाव भडक आहे खरे, पण तिच्यात पडलेल्या यंत्रांची संख्या पाहता ते अगदीच अस्थानी म्हणवत नाही.

ही दरी ओलांडल्याचे एक उदाहरण आपल्याच मुलखात, लातूरला घडले. तेथील महानंद दुग्धशाळेत २००६ साली ‘अरुण’ नावाची एक प्रचंड सौर तबकडी कामाला लागली. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक शिरीष केदारे आणि क्लिक डेव्हलपमेंट्स ही कंपनी यांचे ते काम. केंद्र सरकारच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाचे त्याला साहाय्य होते. (केदारे पुढे २०२४ साली त्याच संस्थेचे संचालक झाले.) ही तबकडी सुमारे १६० चौरस मीटरची. एकाच अखंड वाकविलेल्या आरशाऐवजी सपाट आरशांचे अनेक तुकडे ठरावीक कोनांत बसविलेले, सर्व डोलारा एका खांबावर उभा, आणि सूर्य जसजसा सरकेल तसतशी तबकडी आपोआप त्याच्याकडे तोंड फिरविते. मध्यावर जमलेल्या उष्णतेने दाबाखालचे पाणी तापते व ते उष्णतारोधक टाकीत साठते.

हे सर्व दुग्धशाळेत का साधले, हे समजून घेण्यासारखे आहे. दुधाच्या पाश्चरीकरणाला ते ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवावे लागते. ७२ अंश म्हणजे पाणी उकळण्याच्याही खालची उष्णता! तेवढ्यासाठी आपण तेल जाळून, भट्टीत हजार अंशांवर ज्वाळा पेटवितो. सुपारी फोडावयास घण आणण्यासारखेच हे झाले. आमच्या धंद्यातही रंगाची बहुतेक कामे ६० ते ९० अंशांत होतात. डाळ, काजू, लोणची, औषधे, चामडे, धुलाई या सर्वांची गरज थोड्याफार फरकाने याच पट्ट्यातली. पोलाद वितळविणाऱ्याला उन्हाचा उपयोग नाही, आपल्याला आहे.

हिशेबाची आवड असणाऱ्यांसाठी सांगतो. १,००० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास ३५,००० किलोकॅलरी उष्णता लागते. वाळल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ३,५०० किलोकॅलरी असतात, आणि आपल्या साध्या भट्टीत त्यांतल्या निम्म्या धुराड्याने जातात. म्हणजे २० किलो लाकूड झाले. दुसरीकडे, भर दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट ऊन पडत असते. लातूरच्या तबकडीएवढे क्षेत्र असेल तर निरभ्र दिवशी ७० ते ८० लिटर भट्टीतेलाची बचत व्हावी, असा आकडा याच रीतीने निघतो. आभाळ आले की तो आकडा कोसळतो, हेही त्याच हिशेबात धरावयास हवे.

लातूरला पहिले गिऱ्हाईक मिळाले म्हणून पुढची मिळाली. दिल्लीच्या आयटीसी मौर्य हॉटेलच्या गच्चीवरही अशी तबकडी चढली. सौर वाफेवरील स्वयंपाकाचीही हकीकत अशीच आहे. व्होल्फगांग शेफलर या संशोधकाने काढलेल्या तबकड्या वलसाडच्या गढिया दांपत्याच्या कंपनीने आपल्याकडे रुजविल्या. २००२ साली तिरुमलाच्या देवस्थानाने १०६ तबकड्या बसविल्या, २००९ साली शिर्डीच्या संस्थानाने ७३. मोठी देवस्थाने आणि आश्रम ही या बाबतीत उत्तम पहिली गिऱ्हाइके ठरली. तीन वर्षांत पैसा परत आलाच पाहिजे असा त्यांचा हट्ट नसतो, आणि रोज हजारो लोक ते यंत्र डोळ्यांनी पाहतात. तथापि स्वयंपाकघर आणि कारखाना यांत फरक आहे. भात अर्धा तास उशिरा शिजला तर भक्त थांबतात. रंगाचे पाणी अर्धा तास उशिरा तापले तर लडीवर डाग पडतो आणि माल परत येतो.

आता एक कबुली देतो. उन्हाशी आमचा हा पहिला व्यवहार नव्हे. १९९० नंतरच्या दशकात आम्ही कारखान्याच्या गच्चीवर पाणी तापविण्याची सौर पेट्यांची रांग बसविली होती. त्या काळी अशा साधनांवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळे. आमच्या हिशेबनीसांनी ते दाखवून दिले आणि मार्च महिना संपण्यापूर्वी पेट्या गच्चीवर चढल्या. विंधणविहिरीचे जड पाणी तांब्याच्या नळ्यांतून खेळविले. दोन वर्षांत क्षारांनी नळ्या बुजल्या. विकणारा गृहस्थ तोवर दुसऱ्या धंद्यात गेला होता. पेट्यांवर पुढे अनेक वर्षे सुताच्या लडी वाळत असत. दोष त्याचा होताच, पण आमचाही होता. आम्ही घसारा विकत घेतला होता, गरम पाणी नव्हे. यंत्र किती उष्णता देते हे मोजण्याचे साधन आम्ही बसविले नाही आणि त्यानेही सुचविले नाही. ही घसाऱ्याची सवलत पुढे ८० टक्क्यांवर आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली. माझ्या मते त्यात वाईट काही झाले नाही. यंत्र बसविल्याबद्दल बक्षीस दिले की यंत्रे बसतात. ती चालावी असे वाटत असेल तर चालण्याबद्दल द्यावे लागते.

हे ज्यांना आपल्याही आधी उमगले ते डेन्मार्कचे लोक. त्यांची हकीकत व्यापारी मंडळांनी अवश्य वाचावी अशी आहे. योहानेस यूल नावाच्या अभियंत्याने १९५७ साली गेडसर येथे २०० किलोवॅटची पवनचक्की उभारली, ती १९६७ पर्यंत चालली व नंतर स्वस्त तेलापुढे थांबली. १९७३ च्या तेलसंकटानंतर तेथील सुतार, लोहार, शेतीची अवजारे करणारे कारखाने पुन्हा या कामाला लागले. सरकारने १९७८ साली रिसो येथे परीक्षणकेंद्र काढले आणि १९७९ पासून चक्कीच्या किमतीचा ३० टक्के भाग देऊ केला. परंतु तो त्या केंद्राने पसंत केलेल्या चक्कीलाच. पुढे किंमत उतरेल तसे हे साहाय्य कमी करीत १९८९ साली बंद केले.

सरकारचे एवढे झाले. मला खरे कौतुक वाटते ते गिऱ्हाइकांचे. चक्क्या विकत घेणाऱ्यांनी १९७८ सालीच आपला संघ स्थापिला. कोणाच्या चक्कीने महिन्यात किती वीज दिली, कोणाची केव्हा व कशामुळे मोडली, हे ते आपल्या मासिकात नावनिशीवार छापू लागले. वाऱ्यात चक्की सुसाट सुटू नये म्हणून एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक हवेतच, असा आग्रह त्यांनीच धरला. ज्याचा माल वाईट त्याचे नाव महिन्याभरात देशभर होई; ज्याचा चांगला त्याला जाहिरातीची गरज उरत नसे. त्याच सुमारास जर्मनीने थोर शास्त्रज्ञ आणि मोठ्या कंपन्या एकत्र करून तीन मेगावॅटची ‘ग्रोवियान’ ही अजस्र चक्की एकदम उभी केली. १९८३ ते १९८७ या काळात ती चालण्यापेक्षा थांबलीच अधिक, आणि शेवटी पाडावी लागली. शेतीची अवजारे करणारी डेन्मार्कची व्हेस्तास मात्र जगातल्या अग्रगण्य पवनचक्की कंपन्यांत जाऊन बसली. लहान यंत्र, पुष्कळ गिऱ्हाइके आणि उघडी वही, यांनी ते घडविले.

आज सूर्यउष्णतेच्या यंत्रांपुढे एक नवीन प्रतिस्पर्धी उभा आहे, तोही सांगितला पाहिजे. २०१० नंतर उन्हापासून थेट वीज करणाऱ्या पट्ट्या इतक्या स्वस्त झाल्या की आरशांच्या तबकड्यांचे गणित अनेक ठिकाणी कोलमडले. आता वीज घेऊन उष्णता-पंपाने पाणी तापवावे, किंवा स्वस्त वीज असेल तेव्हा ती वाळूत वा दगडात उष्णतेच्या रूपाने साठवावी, असे प्रयोग चालू आहेत. फिनलंडमध्ये २०२२ साली कंकानपा गावी सुमारे १०० टन वाळूची अशी एक कोठी सुरू झाली, आणि २०२५ साली पोर्नाइनेन येथे २,००० टन दगडी चुऱ्याची दुसरी. दुसरीत १०० मेगावॅट-तास उष्णता राहते. पहिलीपासून दुसरीपर्यंत तीन वर्षे लागली. हे अंतर एवढे थोडे राहिले, कारण पहिली एका गावाच्या उष्णतापुरवठ्याला जोडलेली होती आणि तिचे काम सर्वांसमोर चालू होते.

आमच्या अभियंत्याकडे वळतो. दुसऱ्यांदा तो आला तेव्हा मी, आमचे दिवाणजी आणि धाकटे बंधू असे तिघे बसलो व अटी ठरविल्या. यंत्राच्या किमतीचा अर्धा भाग त्याने आणि त्याच्या भागीदारांनी सोसावा; अर्धा आम्ही द्यावा, पण एकदम नव्हे. जेवढी उष्णता मोजली जाईल तेवढ्याचे दर महिन्याला, जळणाच्या चालू भावापेक्षा काही कमी दराने. उष्णता मोजण्याचे मीटर दोघांच्या मोहरेने बंद. जड पाणी यंत्राच्या नळ्यांत जाऊ द्यावयाचे नाही, ते वेगळ्या अदलाबदलीच्या कुंडातून तापवावयाचे; ही अट अर्थात जुन्या पेट्यांनी आम्हाला शिकविली होती. आमची भट्टी जशीच्या तशी तयार राहील, म्हणजे ऊन नसेल त्या दिवशी रंगाचे काम अडणार नाही. दोन वर्षांत न जमल्यास त्याने यंत्र उचलून न्यावे, कोणी कोणाला बोल लावू नये. रोजची नोंद त्याच्या माणसाने न लिहिता आमच्या मुकादमाने लिहावी. मोबदल्यात त्याला हवे ते गिऱ्हाईक कामाच्या कोणत्याही दिवशी आणून यंत्र आणि वही दोन्ही दाखविण्याची मुभा.

बंधूंना हा सौदा मुळीच पसंत नव्हता. त्यांचे म्हणणे असे की आपण व्यापारी, प्रयोगशाळा नव्हे. आणि चार वर्षांनी हेच यंत्र निम्म्या किमतीत मिळेल, तेव्हा घेऊ. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण सर्वांनीच चार वर्षे थांबावयाचे ठरविले तर ते निम्म्या किमतीचे यंत्र होणार तरी कोठून, एवढेच मी विचारले. शेवटी रक्कम माझ्या वैयक्तिक खात्यावर टाकण्याचे ठरून वाद मिटला. आमच्याकडे बरेच वाद असेच मिटतात.

मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत यंत्राने चांगली साथ दिली. मृग लागले तसे पान कोरे पडू लागले. आषाढात तर मुकादमाने ओळीने ‘ढग’ एवढेच लिहिले आहे. मध्यंतरी सूर्याकडे तोंड वळविणारी मोटार दोनदा बंद पडली; एकदा आतला दोष होता, एकदा वानरांच्या टोळीने तारा ओढल्या होत्या. आरशांवर शेजारच्या गल्लीतली धूळ एवढी बसते की आठवड्यातून दोनदा पुसावे लागतात, आणि त्या पुसण्याची मजुरी आमच्या मूळ हिशेबात नव्हती. अभियंत्याने मोटारीची पेटी बदलली, तारांवर नळी चढविली, आरशांचा उतार थोडा वाढविला. हे तीनही बदल आता त्याच्या नव्या आराखड्यात आहेत.

वही पेढीवरच ठेवलेली असते. कोणाही सभासदाने यावे व पाहावी. गेल्या दिवाळीनंतर इचलकरंजीहून एक कारखानदार गृहस्थ अभियंत्याबरोबर आले. यंत्र गच्चीवर आहे असे मी सांगितले, पण त्यांनी आधी वही मागितली. खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला, आणि पहिल्याने आषाढाचे पान काढले.